२४ मार्च ते २४ मार्च : बोफोर्स, श्रीलंका आणि दोन हिशेब

२४ मार्च १९८६ रोजी भारत सरकारने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी तोफांच्या खरेदीचा करार केला. त्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, २४ मार्च १९९० रोजी, श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरातून भारतीय सैनिकांची शेवटची तुकडी जहाजाने मायदेशी निघाली. तारीख जुळली हा योगायोग. पण या चार वर्षांत जे घडलं, त्यातून लोकसभेत चारशेहून अधिक जागा असलेला काँग्रेस पक्ष सत्तेबाहेर गेला आणि लोकांच्या मनात सरकारच्या शब्दाची जी किंमत होती ती कायमची उतरली.

आज पंचविशीतल्या मुलांना बोफोर्स म्हटलं की ‘कसलातरी घोटाळा’ एवढंच आठवतं. श्रीलंकेतली शांतिसेना म्हटलं तर बहुतेकांना तेवढंही आठवत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र, शक्य तितक्या सोप्या करून सांगतो. एकत्र अशासाठी, की त्या काळात लोक त्या एकत्रच जगले. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर एका बाजूला स्विस बँकेची खाती आणि दुसऱ्या बाजूला श्रीलंकेतल्या जाफन्यात किती जवान पडले याचा आकडा.

आधी आशा किती मोठी होती ते लक्षात घ्यायला हवं, कारण राग त्या मापातच आला. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये निवडणूक झाली. चाळीस वर्षांचे राजीव गांधी हत्येच्या दिवशीच पंतप्रधान झाले होते, या निवडणुकीनंतर ते पुन्हा त्या पदावर आले. वृत्तपत्रं त्यांना ‘मिस्टर क्लीन’ म्हणायची. डिसेंबर १९८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं शताब्दी अधिवेशन भरलं, तिथे त्यांनी स्वतःच्याच पक्षातल्या सत्तेच्या दलालांवर आसूड ओढला. आपल्याच पक्षाला व्यासपीठावरून असं कोणी सुनावतंय हे लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. माझे वडील काँग्रेसचे नव्हते, तरी ते भाषण त्यांनी घरात मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

पुढे कागदपत्रं बाहेर आली तेव्हा कळलं, की त्या भाषणाच्या सहा आठवडे आधी, १५ नोव्हेंबर १९८५ रोजी, बोफोर्सने एका दलालाशी गुपचूप करार करून टाकला होता.

तोफ चांगली होती, मग भानगड कुठे?

लष्कराला १५५ मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या तोफा हव्या होत्या. गरज खरी होती. स्पर्धेत शेवटी दोन नावं उरली, फ्रान्सची सोफमा आणि स्वीडनची बोफोर्स. आधीच्या मूल्यमापनांत लष्कराचा कौल फ्रेंच तोफेला होता. मग पाकिस्तानकडे असं अमेरिकी रडार आलं, की पडलेला गोळा कुठून सुटला ते त्यावर कळतं. आता अशी तोफ हवी होती, जी गोळे डागून शत्रूचा नेम लागायच्या आत स्वतःच्या इंजिनावर जागा बदलेल. बोफोर्सची तोफ ते करू शकत होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये लष्कराने तिच्या बाजूने कौल दिला. सुमारे चारशे तोफा, किंमत ८४० कोटी स्वीडिश क्रोनर, म्हणजे तेव्हाचे १,४३७ कोटी रुपये.

भानगड तोफेत नव्हती, टक्केवारीत होती. टक्केवारी हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. गावच्या रस्त्याचं काम निघालं तरी तो कानावर येतोच. जमिनीच्या व्यवहारात एजंट दोन टक्के घेतो, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असतं. इथे मात्र भारत सरकारने कंपन्यांना बजावलं होतं, की व्यवहारात मध्यस्थ चालणार नाही आणि दलालीचे पैसे वाचतील तेवढी किंमत कमी करा. मध्यस्थ नसल्याचं बोफोर्सने करारापूर्वी लिहूनही दिलं. म्हणजे दलाली दिली गेली असेल, तर कंपनीने भारताला फसवलं होतं आणि ते पैसे शेवटी आपल्याच खिशातून गेले होते.

दलाली कशी फिरते याचा या प्रकरणातला एकच धागा नीट पाहू. ब्रिटनमध्ये ए. ई. सर्व्हिसेस नावाची छोटी कंपनी होती. तोफा विकण्याचा तिला काहीही अनुभव नव्हता. बोफोर्सने तिच्याशी १५ नोव्हेंबर १९८५ ला जो करार केला, त्यात अट अशी : भारताची ऑर्डर ३१ मार्च १९८६ च्या आत मिळाली, तर ऑर्डरच्या ३ टक्के तुम्हाला. आत मिळाली नाही, तर काही नाही. भारताने सही केली २४ मार्चला. मुदतीला एक आठवडा बाकी असताना. मे महिन्यात भारताने किमतीच्या २० टक्के आगाऊ दिले आणि सप्टेंबरमध्ये बोफोर्सने त्या आगाऊ रकमेचे ३ टक्के, सुमारे ७३ लाख डॉलर, ए. ई. सर्व्हिसेसच्या झुरिचमधल्या खात्यात टाकले. काही दिवसांतच त्यातला जवळजवळ सगळा पैसा जिनिव्हातल्या कोलबार इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या खात्यात गेला. ते खातं चालवत होते ओत्ताव्हिओ क्वात्रोकी आणि त्यांची पत्नी. क्वात्रोकी हे एका इटालियन कंपनीचे दिल्लीतले प्रतिनिधी आणि गांधी कुटुंबाच्या ओळखीतले. नंतर पैसा आणखी पुढच्या खात्यात, तिथून आणखी पुढे.

एवढं नेमकं वेळापत्रक पाहिलं की एकच प्रश्न पडतो. तोफेची काही माहिती नसलेली एक छोटी कंपनी भारत सरकारची सही अमुक तारखेच्या आत होईल यावर पैज कशी लावते? मला आजही या प्रकरणातला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर कोणत्याही न्यायालयातून मिळालेलं नाही.

आणखीही वाटा होत्या. पनामात नोंदलेली एक कंपनी होती, जी बोफोर्सचे भारतातले जुने एजंट विन चढ्ढा यांची असल्याचं तपासात पुढे आलं. ‘लोटस’, ‘ट्यूलिप’, ‘माँ ब्लां’ अशी सांकेतिक नावं असलेल्या खात्यांत गेलेले पैसे होते. सगळे मिळून ६४ कोटी रुपये हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. कराराच्या किमतीशी लावून पाहा. शंभर रुपयांमागे साडेचार रुपये.

ताकाला जाऊन भांडं लपवणं

१६ एप्रिल १९८७ ला स्वीडिश रेडिओने बातमी दिली, की भारताची ऑर्डर मिळवण्यासाठी लाच दिली गेली. चारच दिवस आधी विश्वनाथ प्रताप सिंह यांनी संरक्षणमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. तो बोफोर्समुळे नव्हता. जर्मन पाणबुड्यांच्या खरेदीत दलाली गेल्याची तार आली, त्यांनी चौकशी लावली आणि पक्षातले लोक त्यांच्यावर तुटून पडले, म्हणून. पण सामान्य माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटल्या, आणि त्या चिकटणं साहजिक होतं.

सरकारला त्या आठवड्यात सरळ मार्ग मोकळा होता. ‘आम्ही कंपनीला नावं विचारतो, नावं दिली नाहीत तर करार मोडतो’, एवढं म्हणणं पुरेसं होतं. त्याऐवजी बातमी खोटी आहे, देश अस्थिर करण्याचा डाव आहे, असं सांगण्यात आलं. पंतप्रधानांनी लोकसभेत मध्यस्थ नसल्याचं सांगितलं. जूनमध्ये स्वीडनच्याच लेखापरीक्षण खात्याने पैसे दिले गेल्याचं मान्य केलं. मग शब्द बदलले. ही दलाली नाही, जुन्या एजंटांशी असलेले करार मोडल्याची भरपाई आहे, असं कंपनीने सांगितलं. ऑगस्ट १९८७ मध्ये बी. शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. विरोधकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. एप्रिल १९८८ च्या अहवालात समितीने कंपनीचं म्हणणं उचलून धरलं. अण्णा द्रमुकचे अलाडी अरुणा या एकाच सदस्याने विरोधी मत नोंदवलं.

त्याच सुमारास ‘द हिंदू’मध्ये चित्रा सुब्रमण्यम आणि एन. राम यांनी मूळ कागद छापायला सुरुवात केली. बँकेच्या सूचना, करारांच्या प्रती, बोफोर्सचे प्रमुख मार्टिन आर्दबो यांच्या डायरीतल्या नोंदी. कागद त्यांना देणारा माणूस कोण, हे २०१२ पर्यंत गुप्त राहिलं. ते होते स्वीडनच्या पोलीस तपासाचे प्रमुख स्टेन लिंडस्ट्रॉम. समितीने ‘काही नाही’ म्हणायचं आणि त्याच दिवसांत वर्तमानपत्राने कागद छापायचे, यातून लोकांनी काय समजायचं ते समजलं. त्यानंतर १९८८ च्या ऑगस्टमध्ये सरकारने बदनामीविरोधी विधेयक आणलं. देशभरातले पत्रकार रस्त्यावर उतरले आणि सप्टेंबरमध्ये ते मागे घ्यावं लागलं.

एक गोष्ट इथे स्वच्छ सांगितली पाहिजे, कारण आजही प्रचारात ती हवी तशी वाकवली जाते. राजीव गांधींनी पैसे घेतले, असं कधीही सिद्ध झालेलं नाही. २००४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे लाचेचे आरोप पुराव्याअभावी रद्द केले. लिंडस्ट्रॉम यांनीही हेच सांगितलं, पण पुढे असंही म्हटलं, की प्रकरण दडपलं जात असताना राजीव गांधी ते पाहत राहिले. मला वाटतं, लोकांचा रागही याच दुसऱ्या गोष्टीचा होता. चोरी झाली यापेक्षा घरातल्याने दार लावून घेतलं, हे जास्त लागतं.

पाण्यापलीकडचं युद्ध

आता दुसरी बाजू. श्रीलंकेत बहुसंख्य सिंहली आणि अल्पसंख्य तमिळ यांच्यातला तंटा जुना. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली, हजारो निर्वासित तमिळनाडूत आले. भारत सरकारने एकीकडे वाटाघाटी चालवल्या आणि दुसरीकडे तमिळ बंडखोर गटांना गुपचूप प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली. त्या गटांपैकी इतरांना संपवून सर्वांत वर आला तो प्रभाकरनचा एलटीटीई, म्हणजे ‘लिट्टे’. पुढे आपले जवान ज्यांच्या गोळ्यांनी पडले, त्यांतल्या काहींना बंदूक धरायला शिकवणारे आपणच होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे किंमत माणसांची होती.

१९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या लष्कराने जाफन्याला वेढा घातला. ४ जूनला भारताच्या विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर धान्य आणि औषधं टाकली. श्रीलंका नमली आणि २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी व राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ प्रांतांना अधिकार मिळतील, बंडखोर ७२ तासांत शस्त्रं खाली ठेवतील आणि देखरेखीला भारतीय शांतिसेना येईल.

करार वाईट नव्हता, असं मी आजही म्हणेन. त्यात एक भलंमोठं भोक मात्र होतं. लढत होते लिट्टे आणि श्रीलंका सरकार. सह्या केल्या भारत आणि श्रीलंकेने. लिट्टेची सहीच नव्हती. प्रभाकरनला त्या दिवसांत दिल्लीला आणून अशोक हॉटेलात पहाऱ्यात ठेवलं होतं आणि त्याच्याकडून कसाबसा होकार घेतला होता. भावकीच्या वाटणीत ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याची सही न घेता शेजाऱ्यांनी कागद केला, तर तो कागद किती दिवस टिकेल? दुसरीकडे सिंहलींना हा आपल्या देशावरचा परकीय घाला वाटला. सहीच्या दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ते झुकले म्हणून डोकं वाचलं, घाव खांद्यावर बसला.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त सुभेदार त्या पहिल्या तुकड्यांबरोबर गेले होते. साताऱ्याकडचे. ते सांगतात, सुरुवातीला जाफन्यात लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातले. एक म्हातारी रोज चहा आणून द्यायची. भाषा कळत नव्हती, नुसत्या खुणा. ऑक्टोबर संपताना त्याच गल्लीतून गस्त घालताना तिच्या घराचं दार बंद होतं आणि ते परत कधी उघडलं नाही. युद्धाबद्दल विचारलं की ते एवढंच सांगतात आणि थांबतात.

ऑक्टोबरमध्ये काय झालं? लिट्टेने शस्त्रं पुरती ठेवलीच नाहीत. सप्टेंबरमध्ये त्यांच्या थिलीपन या नेत्याने जाफन्यातल्या नल्लूरच्या मंदिराजवळ अन्नपाणी सोडून प्राण दिले आणि जाफन्यातलं वातावरण भारताविरुद्ध फिरलं. मग श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेचे सतरा जण समुद्रात पकडले. त्यांना कोलंबोला नेण्याचा हट्ट श्रीलंकेने धरला आणि ५ ऑक्टोबरला त्यांनी सायनाइड खाल्लं. बारा जण मेले. करार तिथेच मोडला. शांतता राखायला गेलेल्या सैन्याला जाफना जिंकून घेण्याचा हुकूम मिळाला.

११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवायचं ठरलं. लिट्टेचं मुख्यालय तिथे होतं, नेतृत्व एका फटक्यात पकडायचं होतं. पण बेत लिट्टेच्या कानावर आधीच गेला होता. ते दबा धरून बसले होते. पॅरा कमांडो उतरले, त्यांच्यामागे १३ शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान उतरले आणि गोळीबार इतका वाढला, की पुढची हेलिकॉप्टरं येऊच शकली नाहीत. ते तीस जण रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दारूगोळा संपेपर्यंत लढले. एकोणतीस मारले गेले, एक पकडला गेला. त्यांच्या हातात एकेक गोळी झाडणाऱ्या एसएलआर रायफली होत्या, समोरच्यांच्या हातात एके-४७. ही गोष्ट लिहिताना आजही हात थांबतो.

जाफना दोन आठवड्यांत हाती आलं, दोनशेहून अधिक जवान गमावून. सामान्य तमिळ माणसांनीही फार सोसलं. २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी, जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका असे साठच्या वर लोक मारले गेले. लष्कराने ते चकमकीत सापडल्याचं म्हटलं, वाचलेल्यांनी वेगळं सांगितलं. आपल्या जवानांबद्दल आदर आहे म्हणून हे वगळावं, असं मला वाटत नाही. जवानांना जिथे पाठवायला नको होतं तिथे पाठवलं की काय होतं, ते याही बाजूने कळायला हवं.

मराठी मुलखाचा या युद्धाशी थेट संबंध आहे. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंट, दोन्हींचे जवान तिथे होते. १९४१ साली बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंट, तिची आठवी पलटण. मेजर रामस्वामी परमेश्वरन हे त्या पलटणीतले, जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईतच एसआयईएस या शिक्षणसंस्थेत. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. ते मागून वळसा घालून हल्लेखोरांवर चालून गेले. झटापटीत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. त्यांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला मारलं आणि श्वास चालला तोवर हुकूम देत राहिले. श्रीलंकेतल्या मोहिमेसाठी दिलं गेलेलं परमवीरचक्र हे त्यांचं.

जाफना पडल्यावर युद्ध संपलं नाही, जंगलात शिरलं. सैन्य वाढत वाढत सत्तर-ऐंशी हजारांवर गेलं. वाटेत पुरलेले सुरुंग, साध्या कपड्यातला शत्रू, आणि वरून हुकूम की लोकांना त्रास होऊ देऊ नका. जवानांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. श्रीलंकेच्या दक्षिणेत जेव्हीपी या जहाल सिंहली पक्षाने भारतविरोधावर बंड पेटवलं होतं. जानेवारी १९८९ मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी भारतीय सैन्याला जुलैअखेर चालते व्हा म्हणून सांगितलं आणि भारताशी लढायला लिट्टेला शस्त्रंही पुरवली. म्हणजे तमिळ म्हणतात जा, सिंहली म्हणतात जा, ज्या सरकारने बोलावलं तेही म्हणतं जा. मग आपण कोणासाठी मरतोय, हा प्रश्न चौकीवर उभ्या असलेल्या शिपायाला पडणारच.

राग एकच का झाला

लोक हे दोन विषय वेगळे ठेवू शकले नाहीत, त्याचं कारण माझ्या मते असं. दोन्ही निर्णय दिल्लीतल्या मोजक्या माणसांनी बंद खोलीत घेतले. परदेशात सैन्य पाठवायला संसदेची परवानगी लागेल, असा कायदा आपल्याकडे नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. संरक्षण खरेदीची फाइल तर ‘गुप्त’ या एका शिक्क्यानेच झाकता येते. देशाची सुरक्षा हे कारण दोन्हीकडे पुढे होतं आणि दोन्हीकडे प्रश्न विचारणारा देशाचा वैरी ठरत होता. टीव्ही आणि रेडिओ सरकारचे. दूरदर्शनवर श्रीलंकेत सगळं आलबेल असायचं आणि बोफोर्स नावाचं काही नसायचंच. आमच्या वाड्यात रात्री बीबीसी लावायला चार-पाच घरची माणसं एका ट्रान्झिस्टरभोवती जमायची, आणि त्यात ज्यांची मुलं पलटणीत होती ती पुढे बसायची.

लोकांचं लक्ष बोफोर्सवरून हटावं म्हणून सैन्य पाठवलं, असं तेव्हाही काही जण म्हणायचे. त्याला पुरावा नाही. श्रीलंकेचं धोरण आधीपासून त्याच दिशेने चाललं होतं. पण करार झाला तो नेमका बोफोर्स पेटलेलं असताना, आणि ज्याच्या एका गोष्टीवरचा विश्वास उडाला त्याची दुसरी गोष्ट कोण खरी मानणार?

जून १९८८ मध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंह अपक्ष उभे राहिले आणि सहज जिंकले. उत्तर भारतात ‘गली गली में शोर है’ ही घोषणा पोरंसुद्धा म्हणत होती. जुलै १९८९ मध्ये सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या कॅगने तोफखरेदीच्या मूल्यमापनावर ताशेरे ओढले आणि बहुतेक विरोधी खासदारांनी लोकसभेचे राजीनामे दिले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत काँग्रेस १९७ वर आली. २ डिसेंबरला विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले, आपल्या राजापूरचे मधु दंडवते अर्थमंत्री. आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारच्या हातून काढण्यासाठी प्रसार भारती कायदा १९९० साली झाला, तो याच रागातून.

मात्र त्या प्रचारात तोफ जितकी गाजली तितकं युद्ध गाजलं नाही. ६४ कोटी हा आकडा घोषणेत बसतो. त्रिंकोमालीच्या जंगलात सुरुंगावर पाय पडलेला शिपाई घोषणेत बसत नाही. तमिळनाडू सोडलं तर युद्धाचं दुःख ज्या घरी तार आली त्या घरापुरतं राहिलं. आणि तमिळनाडूत राग उलट्या दिशेचा होता. मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान मद्रासला उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. ज्यांनी तमिळ मारले त्यांचं स्वागत कसं करू, हा त्यांचा सवाल. हुकूम देणारे दिल्लीत होते आणि सवालाला तोंड द्यायला बोटीतून उतरणारा जवान समोर होता.

हिशेब

बोफोर्सचा हिशेब देशाने एकतीस वर्षं मागितला. १९९० मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. स्विस बँकांचे कागद १९९७ मध्ये आले. १९९९ मध्ये आरोपपत्र दाखल झालं. क्वात्रोकी १९९३ मध्येच देशाबाहेर गेले होते; २०११ साली न्यायालयाने खटला मागे घ्यायला परवानगी दिली आणि २०१३ मध्ये ते मिलानमध्ये वारले. विन चढ्ढा २००१ मध्येच गेले होते. याच प्रकरणात आरोपी केलेल्या हिंदुजा या उद्योगपती बंधूंवरचे आरोप २००५ साली रद्द झाले. २ नोव्हेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयचं अपील फेटाळलं. एकालाही शिक्षा नाही.

तोफ मात्र कारगिलमध्ये उपयोगी पडली, तोलोलिंग आणि टायगर हिलवर चढणाऱ्या पायदळासाठी तिने डोंगर भाजून काढले. घोटाळ्याची भीती एवढी बसली होती, की पुढची तीस वर्षं लष्कराला या जातीची एकही नवी परदेशी तोफ मिळाली नाही. ती लष्करात रीतसर दाखल झाली ९ नोव्हेंबर २०१८ ला, नाशिकजवळच्या देवळालीत, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर एका आठवड्याने.

श्रीलंकेत सुमारे १,२०० भारतीय जवान मारले गेले, तीन हजारांच्या आसपास जखमी झाले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली. त्या हत्येची चौकशी झाली, आयोग बसले, शिक्षा झाल्या. कारगिलनंतर आढावा समिती बसली आणि तिचा अहवाल संसदेपुढे आला. श्रीलंकेत सैन्य कोणाच्या सल्ल्याने गेलं, लिट्टे किती लढेल याचा अंदाज कोणी बांधला, विद्यापीठाचा बेत फुटला कसा, याची तशी जाहीर चौकशी झाली नाही. संसदेने ६४ कोटींसाठी समिती नेमली. १,२०० माणसांसाठी नाही. त्या वर्षांत आपण सगळे संतापलो होतो हे खरं, पण आपणही हा दुसरा हिशेब नेटाने मागितला नाही.

स्मारक उभं राहिलं ते श्रीलंकेत, २००८ साली, कोलंबोला लागून असलेल्या बत्तरमुल्ला इथे, त्यांच्या संसदेपासून जवळ. ज्या देशाच्या सरकारने हाकललं होतं, त्याच देशाच्या पुढच्या सरकारने ते बांधलं. हल्ली कोलंबोला मराठी प्रवासी पुष्कळ जातात. तुमच्या सहलीत एक सकाळ मोकळी असेल तर तिथे जाऊन या. काळ्या दगडावर ओळीने नावं आहेत. सुभेदारांचा मुलगा गेल्या वर्षी जाऊन आला, फोनवर फोटो आणले. सुभेदारांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि एकेक नाव वाचत बराच वेळ बसले.